वादळाच्या बातमीत पाण्याची उंचीही द्यावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अटलांटिकमधले एखादे हरिकेन, म्हणजे तिथले जोरदार चक्रीवादळ, किनाऱ्याकडे सरकू लागले की बातमीचा मथळा त्याच्या श्रेणीभोवती फिरू लागतो. ही श्रेणी सॅफिर-सिम्पसन मोजपट्टीवरून ठरते आणि ती केवळ वाऱ्याचा सलग वेग सांगते: ताशी ११९ किलोमीटरपासून पहिली, १७८ पासून तिसरी, २५२ पासून पाचवी. समुद्र किती आत शिरेल आणि पाऊस किती कोसळेल, हे तो आकडा सांगत नाही. तरीही घर सोडावे की दारे-खिडक्या लावून आत थांबावे, हा निर्णय असंख्य कुटुंबे याच आकड्यावर घेतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना हरिकेन अमेरिकेच्या किनाऱ्याला धडकले, तेव्हा ते पाचव्या श्रेणीवरून तिसऱ्या श्रेणीवर उतरले होते. मिसिसिपीच्या किनाऱ्यावर मात्र पाणी आठ मीटरहून अधिक चढले, कारण वादळाने भर समुद्रात लोटत आणलेले पाणी वाऱ्याचा जोर ओसरला म्हणून लगेच मागे फिरत नाही. २००८ मधले आइक दुसऱ्याच श्रेणीचे होते, पण त्याच्या लाटेने टेक्सासच्या बोलिव्हर द्वीपकल्पावरील वस्तीच्या वस्ती पुसून टाकल्या. वाऱ्यापासून भक्कम घर वाचवू शकते; सखल भागात शिरणाऱ्या समुद्रापासून तेच घर वाचवील याची खात्री देता येत नाही. आपले घर स्थलांतराच्या कोणत्या क्षेत्रात मोडते, निघायचे झाल्यास कोणाकडे जायचे, घरातल्या वृद्धांना व पाळीव जनावरांना कसे न्यायचे, हे मोसम सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असायला हवे. हा मोसम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो.

दुसरा गैरसमज वेळेचा आहे. वादळाचे केंद्र किनारा कधी ओलांडणार, ती वेळ बातमीत ठळक असते, आणि आपल्या हाताशी तेवढा अवधी आहे असे घरातल्यांना वाटते. प्रत्यक्षात ताशी ६३ किलोमीटरचे वारे त्याच्या कित्येक तास आधी येऊन पोहोचतात, आणि त्यानंतर शिडीवर चढणे किंवा खिडक्यांना फळ्या ठोकणे जीवघेणे ठरते. अमेरिकेतला हरिकेनचा अंतिम इशारा म्हणूनच केंद्राच्या वेळेवर न बेतता हे वारे अपेक्षित असण्याच्या ३६ तास आधी दिला जातो, आणि त्याच्या आधीचा सावधगिरीचा इशारा ४८ तास आधी. पेट्रोल भरणे, औषधे आणणे, अंगणातल्या कुंड्या, खुर्च्या आणि सुटे पत्रे आत घेणे, ही सारी कामे या अवधीतच उरकावी लागतात. नकाशावरचा शंकूही केवळ केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवतो. त्याच्या बाहेर राहणाऱ्यांनी स्वतःला सुरक्षित समजू नये.

खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्टीची फुली मारण्याची पद्धत आजही दिसते. तिने काच फुटायची थांबत नाही, उलट फुटलीच तर मोठे, धारदार तुकडे उडू शकतात. झडपा किंवा सुमारे १६ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड हाच खरा उपाय आहे, आणि ते मापाने कापून आधीच ठेवलेले असावे. गॅरेजच्या दाराकडे तर फारच थोड्यांचे लक्ष जाते. ते रुंद दार आत ढकलले गेले की घरात शिरलेला वारा छपराला खालून रेटू लागतो, आणि छप्पर गेले की भिंतींचाही भरवसा उरत नाही.

जे घरातच थांबतील त्यांनी प्रत्येक माणसामागे दिवसाला चार लिटर पाणी, निदान तीन दिवसांचे, साठवावे. खरे तर तीन दिवस ही अगदी किमान मर्यादा आहे. २०१७ मध्ये मारिया वादळानंतर पोर्तो रिकोतल्या काही घरांत वीज परतायला जवळजवळ वर्ष लागले. इन्सुलिन किंवा विजेवर चालणारे ऑक्सिजनचे यंत्र ज्यांच्या घरात आहे, त्यांनी लाट पोहोचणार नसली तरी वेळेवर बाहेर पडण्याचा विचार करावा. वारा एकाएकी थांबला तर तो वादळाचा डोळा, म्हणजे त्याच्या मध्यावरचा शांत भाग, असू शकतो आणि थोड्याच वेळात वारा विरुद्ध दिशेने पुन्हा उसळतो, हे मुलांनाही सांगून ठेवावे.

संपादक महोदय, माझी विनंती एवढीच आहे की प्रत्येक वादळाच्या बातमीबरोबर एक लहान चौकट द्यावी आणि तिच्यात श्रेणीच्या शेजारी त्या-त्या भागातली पाण्याची अपेक्षित उंची, पावसाचा अंदाज आणि जोरदार वारे सुरू होण्याची वेळ छापावी. वादळ ओसरल्यानंतरच्या अंकातही तितक्याच ठळकपणे एक इशारा असावा: जनरेटर घरात, गॅरेजात किंवा खिडकीजवळ चालवू नका, तो घरापासून निदान सहा मीटर दूर, उघड्यावर ठेवा. २०२० मध्ये लॉरा वादळ निघून गेल्यावर लुइझियानात अनेक जण जनरेटरच्या कार्बन मोनॉक्साइडने गेले. या वायूला वास नसतो, आणि झोपेतल्या माणसाला त्याची जाणीवही होत नाही.

आपला,
एक नियमित वाचक