पिंजऱ्यात वाढवलेला नेपोलियन मासा ‘पाळलेला’ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवाळांविषयी वृत्तपत्रांत जे लिहिले जाते ते बहुधा प्रवाळांचे रंग उडण्यापाशी थांबते. त्या प्रवाळांच्या आधाराने जगणाऱ्या मोठ्या माशांकडे लक्ष जात नाही, म्हणून त्यांतील नेपोलियन रास या माशाविषयी लिहीत आहे.

तांबड्या समुद्रापासून पॅसिफिकमधील तुआमोतू बेटांपर्यंत आढळणारा हा मासा रास कुळातील सर्वांत मोठा आहे. त्याची लांबी दोन मीटरपर्यंत आणि वजन सुमारे १९० किलोपर्यंत जाते. जाड ओठ आणि मोठ्या माशाच्या कपाळावरचे टेंगूळ यांमुळे तो सहज ओळखू येतो. त्याची पिल्ले लगूनमधील, म्हणजे प्रवाळांच्या आत अडलेल्या उथळ पाण्यातील, समुद्री गवतात आणि फांद्याफांद्यांच्या प्रवाळांत लपून वाढतात. मोठे मासे मात्र प्रवाळांच्या बाहेरच्या खड्या उतारांवर वावरतात आणि रात्री कपारीत विसावतात. म्हणजे उथळ लगून बिघडले, तर काही वर्षांनी बाहेरचा उतारही ओस पडतो. कठीण कवचाचे शिंपले तो फोडून खातोच, पण जिवंत प्रवाळ फस्त करणारा ‘क्राउन ऑफ थॉर्न्स’ हा विषारी काट्यांचा तारामासाही खातो, आणि हे धाडस फार थोडे मासे करतात.

इतका मोठा मासा मुळातच विरळ असतो. तो प्रजननक्षम व्हायला पाच ते सात वर्षे लागतात, आयुष्य तीस वर्षांहून अधिक असू शकते, आणि काही माद्या पुढे नर होतात. त्यामुळे थोराड मासे वेचून मारले की नरांचीच वाण पडते.

हाँगकाँग आणि दक्षिण चीनमधील उपाहारगृहांत तो जिवंत ठेवून फार मोठ्या किमतीला विकला जातो. २००४ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने त्याला संकटग्रस्त ठरवले आणि त्याच वर्षी वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे परवान्यानेच व्यापार करता येणाऱ्या प्रजातींच्या यादीत, त्याचा समावेश झाला. त्यानंतर ‘हा पिंजऱ्यात पाळलेला मासा आहे’ हा युक्तिवाद पुढे आला, आणि माझा आक्षेप त्यालाच आहे. इंडोनेशियातील अनांबास आणि नातुना बेटांवर समुद्रातून इवलीशी पिल्ले पकडून, त्यांना तरंगत्या पिंजऱ्यांत इतर मासे खाऊ घालून, काही वर्षांनी विकतात. व्यापारी प्रमाणावर अंड्यांपासून पैदास होतच नाही. एवढ्या लहान पिल्लांपैकी बहुतेक एरवीही मेलीच असती, असे समर्थक म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. परंतु जी वाचली असती, तीही याच जाळ्यात येतात आणि एकदाही अंडी न घालता ताटात पोहोचतात. याला मत्स्यशेती म्हणणे ही दिशाभूल आहे. या व्यापारावर नजर ठेवणेही सोपे नाही. डोळ्यांमागच्या रेषांची नक्षी प्रत्येक माशाची वेगळी असते; तिच्या छायाचित्रावरून एकेक मासा ओळखणारे ॲप हाँगकाँग विद्यापीठातील संशोधकांनी तयार केले, कारण एकाच परवान्यावर एकामागून एक मासे खपवणे शक्य होते.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. लक्षद्वीप आणि अंदमानच्या प्रवाळांतही हा मासा आहे. लक्षद्वीपचे कोळी पिढ्यानपिढ्या गळाने कुपा, म्हणजे ट्यूना, पकडत आले. त्यामुळे तिथल्या प्रवाळांतील माशांवर फारसा ताण पडला नाही, पण आता त्या माशांची मासेमारीही वाढते आहे. आपल्या वन्यजीव कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने साइट्सच्या यादीतील प्रजातींसाठी तरतूद झाली, ती मुख्यतः व्यापार आणि बाळगण्यापुरती. अंडी घालण्यासाठी हे मासे जिथे जमतात ती ठिकाणे शोधून तिथली मासेमारी बंद ठेवणे, हे काम लक्षद्वीप प्रशासनाने स्थानिक कोळ्यांना बरोबर घेऊन हाती घ्यावे. परदेशी जाणाऱ्या मराठी पर्यटकांनाही विनंती, की काचेच्या टाकीतला हा मासा ‘पाळलेला’ म्हणून सुचवला गेला, तरी तो मागवू नये.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे