कोल्मारच्या वेदीचित्राबद्दल बाबांना

बाझेल

प्रिय बाबा,
सप्रेम सलाम.

देव आत्मा आहे, मग त्याच्या उपासनेला एवढी चित्रं, रंगीत काचा, सोनं कशाला, हा तुमचा प्रश्न डोक्यातून जात नाही. याच प्रश्नावरून १५२९ मध्ये इथल्या लोकांनी मोठ्या चर्चमधल्या मूर्ती फोडल्या, चित्रं जाळली. झुरिकमध्ये तर धर्मसुधारक झ्विंग्लीने उपासनेतून संगीतही काढून टाकलं, आणि तो स्वतः अनेक वाद्यं वाजवणारा माणूस! त्यांना मी उथळ समजत नाही. प्राचीन चर्चमधला विचारवंत संत ऑगस्टीन यालाही ही भीती होती. भजनाच्या अर्थापेक्षा सुरानेच मन जास्त हललं तर ते पाप, अशी कबुली त्याने दिली आहे.

तरीही मला उत्तर देहधारणात, म्हणजे देव ख्रिस्तात माणूस झाला यात, दिसतं. आठव्या शतकात दमास्कसचा योहान या धर्मपंडिताने लिहिलं की मी पदार्थाची आराधना करत नाही; पदार्थाचा जो निर्माता माझ्यासाठी पदार्थ झाला, त्याची करतो. ७८७ मध्ये चर्चच्या निकिया इथल्या दुसऱ्या परिषदेनेही ठरवलं की प्रतिमेला मान द्यावा, आराधना मात्र एकट्या देवाची. शब्द, म्हणजे ख्रिस्त, देही झाला, तर त्याचा चेहरा रंगवता येतो.

पण कसा चेहरा? बाबा, सीमेपलीकडे फ्रान्समध्ये कोल्मारला जर्मन चित्रकार ग्रुनेवाल्डचं वेदीचित्र (चर्चच्या वेदीवरचं, दारांसारख्या फळ्यांवर रंगवलेलं चित्र) आहे, साधारण १५१२ ते १५१६ मधलं. ते त्याने ईझेनहाइमच्या अँटोनाइन (संत अँटनीच्या नावाने चालणाऱ्या संघाच्या) मठासाठी रंगवलं. हे मठवासी ज्या रोग्यांची सेवा करत, त्यांना 'संत अँटनीची आग' नावाचा रोग झालेला असे. राय धान्यावरच्या बुरशीने तो होई: अंगाची आग व्हायची, हातपाय काळे पडून सडायचे, कापावे लागायचे. त्या रोग्यांसमोर चित्रकाराने जो ख्रिस्त ठेवला, त्याची कातडी हिरवट पडलेली, अंगभर जखमा, काटे रुतलेले, बोटं वेदनेने ताणलेली. बायबलमधल्या यशयाच्या ५३व्या अध्यायातला, रूप नसलेला सेवक तो हाच. जो माणूस आरशात बघायला घाबरत असेल, त्याला वेदीवर स्वतःचंच अंग दिसलं असेल. याला सुंदर म्हणायचं का? मी म्हणतो. सणाच्या दिवशी त्याच वेदीची दारं उघडली की आत पुनरुत्थान: प्रकाशाच्या वलयात उजळलेला देह, हातापायांच्या जखमा मात्र तशाच. त्या पुसल्या असत्या तर ते चित्र खोटं ठरलं असतं.

म्हणून मला सोन्याच्या झगमगाटाची बाजू घ्यायची नाही. ११४४ मध्ये पॅरिसजवळच्या सँ-देनीच्या मठात तिथला मठाधिपती सुजे याने रंगीत काचांतून उजेड आत आणला, जड मन वस्तूंच्या आधारे सत्याकडे चढतं या विश्वासाने. त्याच काळात क्लेअरवोचा मठाधिपती बर्नार्ड विचारत होता की चर्चच्या भिंती झळकतात आणि गरीब उघडे का राहतात? मला दोघंही हवेत, पण निवडायची वेळ आली तर मी बर्नार्डकडे जाईन. ईझेनहाइममध्ये निवडावं लागलं नाही, कारण चित्र आणि रोग्यांची सेवा एकाच छपराखाली होती.

आता ते चित्र संग्रहालयात आहे. दोन्ही बाजू दिसाव्यात म्हणून फळ्या सुट्या करून मांडल्या आहेत. सोय चांगली, पण बंद दारं उघडण्याची वाट बघणं गेलं, रोगीही गेले. मी तिथे उभ्याउभ्या प्रार्थना केली, आणि आजूबाजूला लोक फोटो काढत होते त्याचं मला काही वाटलं नाही. वेदीपासून तुटलेलं चित्र उपासनेचं राहतं का, यावर तुमचं मत सविस्तर लिहा. आईलाही वाचून दाखवा. तिचं उत्तर वेगळं येईल असं वाटतं.

आईला आणि सर्वांना सलाम.

तुमचा मुलगा