मित्रास पत्र : आमच्या घराने धरलेली कामं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मागच्या पत्रात तू विचारलंस, की कॅन्सर आहे, हृदयविकार आहे, मग तुमचं अख्खं घर रक्तदान आणि थॅलेसेमियाच्याच मागे का? फोनवर उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

लेकीला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे तिच्या शरीरात पुरेसं चांगलं रक्त तयारच होत नाही, हे तुला ठाऊकच आहे. दर तीन-चार आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागतं. तारीख जवळ आली की कॅलेंडर बघावं लागत नाही. ओठ फिके पडतात, जिना चढताना ती मध्येच थांबते, एवढ्या-तेवढ्यावरून भावाशी भांडते. रक्त चढलं की दुसऱ्या दिवशी हीच पोर घर डोक्यावर घेते. ते रक्त कुणा अनोळखी माणसाचं असतं. पिशवीवर रक्तगट असतो, नंबर असतो, मुदतीची तारीख असते, नाव नसतं. आभार मानायचे तरी कुणाचे?

आम्हा दोघांना रक्त देता येत नाही, हे मला फार लागतं. आम्ही दोघंही थॅलेसेमिया मायनर, म्हणजे दोष अंगात आहे, पण आजार नाही. हिमोग्लोबिन दात्याला लागतं तेवढं भरत नाही. मग उरतं काय, तर माणसं गोळा करणं. ते मी जिवापाड करतो. मोठा अपघात झाला की रक्तपेढीबाहेर रांगा लागतात, त्या माणसांचं मला मनापासून कौतुक आहे. पण तांबड्या पेशी फार तर 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम 5. शिवाय एकदा दिलं की दात्याला काही महिने थांबावं लागतं. म्हणजे सगळ्यांनी एकाच आठवड्यात दिलं तर दीड-दोन महिन्यांनी पेढी रिकामी, आणि दातेही मोकळे नाहीत. आमच्या मुलीला रक्त लागतं ते अशाच कुठल्याशा साध्या मंगळवारी, जेव्हा बातम्यांत काहीच नसतं. त्या मंगळवारी येणारा माणूस मला हवा आहे.

आणि रक्त मिळालं म्हणजे भागलं असंही नाही रे. एका पिशवीतून साधारण 200 मिलिग्रॅम लोह अंगात जातं, शरीर मात्र दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच बाहेर टाकतं. उरलेलं हृदयात, यकृतात, ग्रंथींमध्ये साचत राहतं. पूर्वी ते काढायला पोटाच्या कातडीखाली सुई खुपसून रात्रभर पंप लावावा लागे. तोंडाने घ्यायची औषधं आल्यापासून तो छळ बराच कमी झालाय. आमच्याकडे सकाळी उपाशीपोटी गोळी पाण्यात विरघळवून घेतात. ती तळाशी बसते, म्हणून लेक पुन्हा थोडं पाणी घालून पेला हिंदकळवते आणि तेही पिऊन टाकते. सांगावं लागत नाही आता.

हिचं, म्हणजे माझ्या बायकोचं, काम वेगळं आहे. तपासणीचं. मुलीचं निदान झालं तेव्हा हिला सगळ्यांनी विचारलं, ‘तुमच्या माहेरी कुणाला होतं का?’ मला एकानेही विचारलं नाही. हा आजार दोन्हीकडून यावा लागतो. आई-बाप दोघं मायनर असतील तरच प्रत्येक खेपेला मूल मेजर असण्याची शक्यता 25 टक्के. मायनर माणसाला बहुधा काहीच त्रास नसतो, त्यामुळे पत्ताच लागत नाही. साध्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीत, पेशींचा आकार लहान दिसतो, आणि पुष्कळदा लोह कमी आहे म्हणून गोळ्या देऊन तो विषय तिथेच संपतो. खरं तर एचबी ए-टूची, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या हिमोग्लोबिनचं प्रमाण मोजायची, एक तपासणी करायची, आयुष्यात एकदाच. सायप्रसमध्ये दर सात माणसांमागे एक मायनर, तरीही 1970च्या दशकापासून त्यांनी तपासणीचा ध्यास घेतला आणि आज तिथे मेजर मूल जन्मणं विरळा झालं. ही जिथे जाईल तिथे हे सांगते. तिचा आवाज चढतो कधीकधी. चढू दे.

थोरल्याने स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींचा, दाता म्हणून नाव नोंदवलंय. त्या पेशी देण्यासाठी दोघांचं एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, जुळाव्या लागतात; बहिणीशी त्याचं जुळलं नाही. सख्ख्या भावंडांतही चारात एकाचंच जुळतं. नोंदणीसाठी गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली, झालं. त्याचं म्हणणं एकच, नाव दिलं तर ऐन वेळी मागे फिरायचं नाही, कारण दात्याचा होकार धरून रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी आधीच नष्ट केलेली असते. तेव्हा नकार आला तर तो माणूस जगायचा कसा?

आता तुझ्याकडे येतो. धाकटीचं लग्न ठरतंय असं तू लिहिलंस. पत्रिका नंतर बघा, आधी तिची एचबी ए-टू करून घ्या. ती मायनर निघाली तर मुलाचीही करा. दोघंही मायनर निघाले तरी लग्न मोडायचं काही कारण नाही. गरोदरपणात दहाव्या-बाराव्या आठवड्यापासून बाळाची तपासणी करता येते, फक्त आधी माहीत हवं. आणि तू स्वतः धडधाकट आहेस, तेव्हा वर्षातल्या रक्तदानाच्या तारखा आजच ठरवून टाक.

रिपोर्ट आला की आकडा मला कळव. वहिनींना नमस्कार, मुलींना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र