बातमीत डॉल्फिनची जात लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

देशातील नद्यांमधल्या डॉल्फिनच्या पहिल्या गणनेचा अहवाल मार्च २०२५ मध्ये जाहीर झाला. आकडा होता ६,३२७. त्यानंतर कोकणातल्या डॉल्फिनविषयीच्या बातम्यांतही हा आकडा वाचायला मिळतो, आणि हर्णै किंवा तारकर्लीसमोर दिसणारे डॉल्फिन त्यात मोजले असावेत, अशी वाचकाची समजूत होते. त्यातला एकही आपल्या समुद्रातला नाही. ती मोजणी आठ राज्यांतल्या २८ नद्यांची होती आणि त्या राज्यांत महाराष्ट्र नाही. ६,३२४ डॉल्फिन गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले, उरलेले तीन पंजाबात बियास नदीतले. ते तीन सिंधू नदीच्या जातीचे. या दोन जाती वेगळ्या असल्याचे शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडले.

जात लिहायची कशासाठी, असे कोणी विचारील. गंगेतला डॉल्फिन घ्या. बिहारात त्याला सोंस म्हणतात. २००९ मध्ये तो आपला राष्ट्रीय जलचर ठरला. तो जवळजवळ आंधळा असतो. डोळ्यात भिंगच नसते, उजेड-अंधार तेवढा कळतो. गढूळ पाण्यात तो आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीवरून मासा कुठे, काठ कुठे हे ओळखतो. पुष्कळदा कुशीवर कलून पोहतो. मानेचे मणके सुटे असल्यामुळे डोके इकडेतिकडे वळवतो. कानावर जगणाऱ्या या प्राण्याला बोटींच्या इंजिनांचा गोंगाट किती जाचत असेल! फरक्कासारख्या बराजांनी, म्हणजे नदी अडवणाऱ्या दरवाजांच्या बांधांनी, त्याची नदी तुकड्यातुकड्यांत वाटली गेली आहे, आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की एका तुकड्यातला कळप दुसऱ्याला भेटत नाही. नदीतल्या डॉल्फिनला दुसरीकडे जायला जागा नसते. चीनमध्ये यांगत्से नदीतल्या बैजी डॉल्फिनचा २००६ मध्ये कसून शोध घेतला गेला, एकही मिळाला नाही.

आपल्याकडची गोष्ट निराळी आहे. किनाऱ्यावरून किंवा पर्यटकांच्या होडीतून आपल्याला दिसतो तो बहुतेक वेळा हंपबॅक डॉल्फिन. करडा रंग, लांब चोच, पाठीवर ठळक उंचवटा आणि त्या उंचवट्यावर बसलेला छोटा पर, म्हणजे कल्ला. पाण्याबाहेर येताना आधी चोच दिसते, मग पाठ, आणि तो सावकाश खाली जातो. याला खोल समुद्र मानवत नाही. साधारण पंचवीस मीटरपेक्षा कमी खोलीचे पाणी, खाडीची मुखे, किनाऱ्यालगतचा अरुंद पट्टा, एवढाच त्याचा संसार. आणि नेमक्या याच पट्ट्यात पाण्यात भिंतीसारखी उभी राहणारी आपली गिलनेट जाळी, जेट्ट्या, बंदरे, शहरांचे सांडपाणी आणि ‘डॉल्फिन दर्शन’च्या होड्या आहेत. धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत ही जात ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेली आहे. वाघ आणि हा डॉल्फिन आपल्या वन्यजीव कायद्याच्या एकाच अनुसूचीत, पहिल्या अनुसूचीत आहेत. हे होडीत बसणाऱ्या किती जणांना ठाऊक असते?

इथे वृत्तपत्रांतल्या छायाचित्रांविषयी तक्रार आहे. आपल्यासह बहुतेक दैनिके कोकणातल्या डॉल्फिनच्या बातमीला परदेशी तलावात खेळ दाखवताना उसळी मारणाऱ्या बॉटलनोज डॉल्फिनचे चित्र लावतात. असे तलाव आपल्या देशात होऊ द्यायचे नाहीत, असे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २०१३ मध्येच ठरवले, ही फार चांगली गोष्ट झाली. पण ते चित्र पाहून आलेल्या पर्यटकाला उड्या हव्या असतात. हवेत गिरक्या घेणारे स्पिनर डॉल्फिन मोठ्या कळपाने खोल समुद्रात फिरतात, लांब जाणाऱ्या ट्रॉलरवरच्या खलाशांना ते दिसतात. काठालगतचा हंपबॅक सहसा तसा खेळ करत नाही. पर्यटक नाराज होतो, मग होडीवाला कळपाच्या मागे लागतो, दुसरी होडी पुढून आडवी येते. कळपात आईला चिकटून पिल्लू असले तरी कोणी थांबत नाही. एका वेताला एकच पिल्लू, आणि पुढचे व्हायला काही वर्षे जातात. मी एकट्या होडीवाल्यांना दोष देणार नाही. अपेक्षा वाढवण्यात छापलेल्या चित्रांचाही वाटा आहे. इंजिन मंद ठेवून, वाट न अडवता, बाजूने जाणाऱ्या होडीतूनही डॉल्फिन उत्तम दिसतात.

दुसरी चूक अधिक गंभीर वाटते. पावसाळ्यात किनाऱ्याला ‘डॉल्फिनचे पिल्लू’ मृतावस्थेत लागल्याच्या बातम्या येतात. सोबतच्या छायाचित्रात कधी कधी गोल, बिनचोचीचे डोके आणि परच नसलेली पाठ स्पष्ट दिसते. ते पिल्लू नसते, डॉल्फिनही नसते. तो फिनलेस पॉरपॉइज. पॉरपॉइजचे कूळच वेगळे. डॉल्फिनचे दात सुळक्यासारखे, याचे चपटे. पूर्ण वाढ झाली तरी लांबी दोन मीटरच्या आतच. लाजरा प्राणी, उसळत नाही, पाण्याबाहेर पाठ क्षणभर दिसते, त्यामुळे जिवंतपणी तो फारसा कोणाच्या नजरेस पडत नाही. अशा जातीची माहिती मिळण्याचा एक मोठा मार्ग म्हणजे किनाऱ्याला लागलेले मृतदेह. तिथेच चुकीचे नाव छापले गेले, तर नोंद चुकते आणि प्रौढ मादी गेली की पिल्लू गेले हेही कळत नाही. ओडिशात चिलिका सरोवरातला इरावती डॉल्फिनही असाच गोल डोक्याचा, पण त्याच्या पाठीवर छोटा पर असतो आणि तो खरोखरच डॉल्फिन आहे.

मच्छीमारांच्या बाजूनेही लिहिले जावे. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले, तर पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. जाळे कापणे म्हणजे हातचा हंगाम घालवणे. तरीही कापणारे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, आहेत. त्यांची बातमी छापताना सोडवलेल्या प्राण्याची जात, अंदाजे लांबी आणि ठिकाण दिले, तर ती बातमी अभ्यासकांनाही उपयोगी पडेल.

विनंती इतकीच की छायाचित्र आपल्या किनाऱ्यावरचे असावे, जातीची खात्री वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडून करून घ्यावी आणि नद्यांचा आकडा समुद्राच्या बातमीत घालू नये. शिवाय अशा प्रत्येक बातमीखाली चौकट द्यावी: जिवंत प्राणी किनाऱ्याला लागला असेल, तर शेपूट किंवा पर धरून ओढू नये, अंग ओल्या फडक्याने झाकावे, डोक्यावरचे श्वासछिद्र मोकळे ठेवावे, गर्दी हटवावी आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवावे.

आपला,
एक वाचक, दापोली (जि. रत्नागिरी)