आधी चित्रफीत तपासा, मग किट

महोदय,

युद्धनौकांच्या प्रतिकृतींवरचा आपल्या पुरवणीतला लेख आवडला. किट (जोडायच्या सुट्या भागांचा संच) बिनचूक आहे की नाही हे जुन्या चित्रफितींवरून ताडून पाहावे, हा त्यातला सल्ला योग्यच आहे. पण फीतही फसवू शकते, हे त्यात राहून गेले. त्यामुळे नवशिके किटमधले बरोबर असलेले भागच कापून बसतात.

पहिला प्रश्न तारखेचा. १९३०च्या दशकातल्या वार्तापटांतली ब्रिटिश युद्धनौका ‘हूड’ आणि मे १९४१मध्ये बुडालेली ‘हूड’ यांत बराच फरक आहे. १९४०मध्ये तिच्या साडेपाच इंची तोफा निघाल्या आणि चार इंची जोडतोफांचे सात संच झाले. जर्मन युद्धनौका ‘बिस्मार्क’चे बाल्टिकमधले काळे-पांढरे पट्टे २१ मे १९४१ रोजी नॉर्वेत रंगाखाली झाकले गेले, म्हणून त्यानंतरच्या डेन्मार्क सामुद्रधुनीच्या लढाईतली ‘बिस्मार्क’ पट्टेरी करणे चूक. तिच्या सर्वांत पुढच्या ‘आंतोन’ टरेटचा (फिरत्या तोफ-बुरुजाचा) अंतरमापक तोवर काढलेला होता. किटमध्ये चारही टरेट सारखे आले असतील, तर पुढच्याचे अंतरमापकाचे दोन्ही बाजूंचे फुगवटे कापून घासावे लागतात.

निवेदकाच्या शब्दावर विसंबू नये. ब्रिटिश युद्धनौका ‘बारहॅम’चा २५ नोव्हेंबर १९४१चा स्फोट वार्तापटाचे कॅमेरामन जॉन टर्नर यांनी ‘व्हॅलियंट’ या नौकेवरून टिपला, तेच दृश्य पुढे दुसऱ्या जहाजांच्या नावावरही खपवले गेले. फीत उलटी, म्हणजे आरशातल्यासारखी छापली गेली आहे का, हे खलाशांच्या टोपीवरची अक्षरे किंवा नौकेवरचा क्रमांक पाहून ठरवावे. विमानवाहू नौकेचा मनोरा सहसा उजव्या बाजूला असतो, पण तो डाव्या बाजूला दिसला की फीत उलटी, असे मात्र समजू नये. ‘अकागी’ आणि ‘हिर्यू’ या जपानी नौकांचे मनोरे खरोखरच डावीकडे होते.

मग मोजमाप. जुनी ४:३ची फीत १६:९च्या पडद्यावर ताणली, तर लांबी उंचीच्या तुलनेत एक तृतीयांशाने वाढते. नौका अगदी आडवी दिसत असताना समोरून दिसणारा सर्चलाइट किंवा लाइफबॉय (बुडणाऱ्यासाठी टाकायचे तरंगते कडे) गोल दिसतो का, ते आधी पाहावे. लंबगोल दिसला तर चित्र दुरुस्त केल्याशिवाय पट्टी लावू नये. नौका कॅमेऱ्याकडे २० अंश वळलेली असेल तर लांबी ६ टक्क्यांनी आखूड दिसते, उंची तेवढीच राहते. किटचे धुरांडे बुटके आहे या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण निघते. उंची डेकच्या कडेपासून मोजावी, पाण्यापासून नव्हे; इंधन आणि दारूगोळ्याच्या भाराप्रमाणे पाण्याची रेषा वरखाली होते.

आपल्या मोजणीची मर्यादाही आधी ठरवावी. ‘हूड’ २६२.३ मीटर लांब, म्हणजे १:३५० प्रमाणात सुमारे ७४९ मिलिमीटर. फ्रेममध्ये ती १२०० पिक्सेल भरली तर एक पिक्सेल सुमारे २२ सेंटिमीटरचा होतो. धूसर फितीत तीन पिक्सेलची चूक सहज होते. मॉडेलवर ती जवळजवळ दोन मिलिमीटर. त्याहून लहान फरकासाठी किटला दोष देऊ नये, मूळ आराखडे शोधावेत.

रंगासाठी कृष्णधवल फितीचा आधार घेऊच नये. ऑर्थोक्रोमॅटिक नावाच्या जुन्या प्रकारच्या फिल्मला लाल रंग दिसत नाही. तो काळपट उमटतो आणि निळा फिकट. नंतर संगणकावर रंगवलेली फीत तर पुरावाच नव्हे.

फितीचा खरा उपयोग वेगळाच आहे. कॅमेरा नौकेजवळून सरकत जातो ते दहा-पंधरा सेकंद घ्यावेत, दर पाचवी फ्रेम जतन करून ओळीने मांडावी. एका छायाचित्रात डोलकाठीला चिकटलेली वाटणारी क्रेन पुढच्या फ्रेममध्ये सुटी होते आणि कोणता भाग पुढे, कोणता मागे, हे कळते. बारीक ठिपक्यांसाठी लागोपाठच्या फ्रेम पाहाव्यात. एकाच फ्रेममध्ये असलेला ठिपका धुळीचा किंवा ओरखड्याचा. तीन-चार फ्रेममध्ये नौकेबरोबर सरकणारा ठिपका नौकेवरचा. बंद केलेले पोर्टहोल (गोल खिडक्या), रेलिंगला बांधलेले कॅनव्हास, होड्यांच्या जागा या गोष्टी अशाच उलगडतात. आराखड्यांत त्या बहुधा नसतात, म्हणून किटमध्येही चुकतात.

आपला,
एक वाचक