लघवीची गोळी आणि सोलापूरचा उन्हाळा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या पूर्व भागात माझा दवाखाना आहे. यंत्रमागावरचे कामगार आणि विड्या वळणाऱ्या बायका हे माझे पेशंट. बीपीसाठी गरज पडेल तिथे मी क्लोरथॅलिडोन देतो, साडेबारा मिलिग्रॅम, रोज सकाळी एक. इथे तिला सगळे 'लघवीची गोळी' म्हणतात.

गोळी गुणाची आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ऑलहॅट या बीपीच्या औषधांच्या मोठ्या चाचणीत ३३ हजारांहून अधिक पेशंट होते. त्यात ही जुनी, स्वस्त गोळी नव्या औषधांच्या तोडीस तोड ठरली आणि हार्ट फेल्युअर टाळण्यात सरस. तरी बायका आठवड्यात परत येतात. "डॉक्टर, सारखं उठावं लागतंय, हजार विड्या पुऱ्या होईनात." मजुरी हजारामागे, म्हणून गोळीच बंद होते. काही आठवड्यांत लघवी बेतात येते आणि बीपी मात्र खालीच राहतं, हे मी प्रत्येकीला बसवून सांगतो. बहुतेकींना पटतं.

पण आमच्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीसवर जातो. अशाच एका दुपारी सत्तरीच्या एका आजींना मुलगा रिक्षातून घेऊन आला. दोन दिवस जुलाब, गोळी चालूच. आजी नातवाला ओळखेनात. रक्तातलं सोडियम निघालं ११४; ते १३५च्या वर हवं. ही गोळी लघवीवाटे पाण्याबरोबर सोडियमही बाहेर काढते, त्यात जुलाबांची भर. गोळी मीच दिलेली. रक्त तपासून या, असं लिहून दिलेली चिठ्ठी त्यांच्या चंचीत घडी घातलेली तशीच सापडली. खासगी लॅबला पैसे नव्हते. आजी वाचल्या, पण त्या आठ दिवसांत घरातलं होतं नव्हतं ते गेलं.

साहेब, गोळी फुकट देऊन भागत नाही. ती सुरू करण्याआधी, मग महिन्याभरात आणि पुढे दर उन्हाळ्याच्या तोंडावर सोडियम, पोटॅशियम आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ही रक्ततपासणी प्रत्येक नागरी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत व्हावी. आमच्यासारख्या खासगी डॉक्टरांची चिठ्ठीही तिथे चालावी. आणि जुलाब-उलट्या लागल्या की गोळी थांबवून लगेच दाखवायला या, हे आशाताईंनी घरोघरी सांगावं. आमच्या भागात तेलुगूतूनही.

मार्च संपायच्या आत एवढं व्हावं.

आपला,
एक फॅमिली डॉक्टर, सोलापूर