तालिबान येण्याआधीचं घर

सांगली,
१४ डिसेंबर

प्रिय सुनंदा,

तुझं पत्र मिळालं. खालिद हुसैनींची ‘अ थाउजंड स्प्लेंडिड सन्स’ वाचून झाली आणि रात्री झोप लागली नाही, असं लिहिलं आहेस. माझंही तेच झालं होतं. पण शेवटी तू म्हणतेस, ‘तालिबान आले नसते तर मरियम वाचली असती.’ ते मला काही केल्या पटेना, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

बसस्थानकाचा प्रसंग पुन्हा काढून वाच. मरियम आणि लैला या रशीदच्या दोघी बायका, लैलाच्या छोट्या अझीझाला घेऊन पाकिस्तानात पळून जायला निघतात. सोबत पुरुष नाही, म्हणून भल्या दिसणाऱ्या एका अनोळखी माणसाला त्या गळ घालतात, आमच्यासोबत असल्याचं सांगून तिकिटं काढून द्या. तो हो म्हणतो, पैसे घेतो आणि त्यांना सैनिकांच्या हवाली करतो. मग पोलीस ठाणं. परत पाठवलंत तर नवरा आमचं काय करील सांगता येत नाही, असं लैला तिथल्या अधिकाऱ्याला कळवळून सांगते. पुरुष आपल्या घरात काय करतो तो त्याचा प्रश्न, आम्ही त्यात पडत नाही, असं म्हणून तो त्यांना घरी पोचवतो. (हे उत्तर फक्त काबूलमध्येच मिळतं असं नाही, हे तुला मी सांगायला नको.) पुढे रशीद त्यांना मारतो आणि भर उकाड्यात पाण्याविना कोंडून ठेवतो, तान्ह्या लेकरासकट. आता साल बघ, १९९४. तालिबान काबूलमध्ये शिरले २७ सप्टेंबर १९९६ रोजी. म्हणजे तेव्हा मुजाहिदीनांचं, सोव्हिएत फौजांशी लढलेल्या गटांचं, राज्य होतं आणि नवऱ्याच्या घरातून पळणं हा त्याही राज्यात गुन्हाच होता.

त्याच्याही मागे जा. १९७४ मध्ये हेरातहून लग्न करून आणलेल्या पंधरा वर्षांच्या मरियमवर रशीद बुरखा लादतो. त्याच वेळी काबूलच्या सुखवस्तू वस्त्यांत बायका नखं रंगवून, मोकळ्या डोक्याने फिरत असतात. त्याला कुणाचा हुकूम नव्हता, रस्त्यावर गस्त नव्हती. त्याला तसं हवं होतं आणि त्याला अडवणारं कुणी नव्हतं, एवढंच.

म्हणून मला वाटतं, ही राजवट लेखकाने घराच्या आतून दाखवली आहे आणि तिथेच तो फार पुढे जातो. तालिबान येतात तेव्हा रशीदला नव्याने काही शिकावं लागत नाही. तो काही धर्मवेडा नाही. त्या लोकांची त्याला थोडी गंमतच वाटते. पण आता तो लैलाला धमकावू शकतो, की मी जाऊन नुसता संशय बोलून दाखवला तर ते तुझं खरं मानतील की माझं? आधी त्याला हात उगारावा लागायचा, आता नुसतं बोलणं पुरतं.

नियमांची यादी तू पाहिलीसच. गाणं बंद, पतंग बंद, पुरुषांना दाढीची सक्ती, बायकांना पुरुष नातेवाइकाशिवाय बाहेर पडायची बंदी. पण यादी वाचून आपल्याला फक्त चीड येते. मला हादरवलं ते लैलाच्या बाळंतपणाने. काबूलमध्ये बायकांसाठी उरलेलं एकच रुग्णालय, तिथे औषध नाही, स्वच्छ पाणी नाही. पोट फाडायचं तर भूल द्यायला काही नाही, आणि लैला म्हणते, फाडा. डॉक्टरबाईंनी बुरख्यातच शस्त्रक्रिया करावी असा हुकूम. त्या तो काढून ठेवतात आणि एका नर्सला दाराशी पहाऱ्याला उभं करतात. अख्खी राजवट मला त्या दाराशी उभ्या असलेल्या नर्समध्ये दिसली. आत एक बाई जिवंत कापली जातेय आणि बाहेर लक्ष कशावर ठेवायचं, तर डॉक्टरचा चेहरा कुणाला दिसू नये यावर!

आणि अनाथाश्रमात ठेवलेल्या अझीझाला भेटायला जाणारी लैला! एकटी सापडली की रस्त्यावर मार बसणार हे ठरलेलं, म्हणून ती उन्हाळ्यातही अंगावर कपड्यांवर कपडे चढवून निघते. एक कोवळा तालिब तर तिला रेडिओच्या अँटेनाने झोडपतो. तरी पुढच्या वेळी ती पुन्हा निघतेच.

लैलाला वाचवताना मरियमच्या हातून रशीद मारला जातो, त्या खटल्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. वकील नाही, अपील नाही, पंधरा मिनिटांच्या आत सगळं आटोपतं. तिथला वडीलधारा न्यायाधीश आजाराने खंगलेला आहे, बोलायला मऊ आहे. तू दुष्ट नाहीस असंही तो तिला सांगतो, आणि तरी मरणाची शिक्षा देतो. लेखकाने इथे एखादा राक्षस उभा केला असता तर आपण सुटलो असतो. काबूलच्या गाझी स्टेडियममध्ये मरियमचा होणारा शेवट काल्पनिक वाटला असेल, तर ऐक, नोव्हेंबर १९९९ मध्ये त्याच मैदानात सात मुलांच्या एका आईला लोकांसमोर गोळी घातली गेली. ‘रावा’ या अफगाण स्त्री-संघटनेच्या बायकांनी बुरख्याआड कॅमेरा लपवून ते टिपलं, म्हणून जगाला दिसलं.

माझी एकच तक्रार आहे, ती शेवटाबद्दल. २००३ मधलं काबूल, लैला अनाथाश्रमात शिकवतेय, पुन्हा दिवस गेलेत, मुलगी झाली तर नाव आधीच ठरलेलं. पुस्तक आलं २००७ मध्ये, तेव्हा ती आशा खोटी नव्हती. पण आज वाचताना मी त्या मुलीचं वय मोजत बसते. १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान परतले तेव्हा ती सतरा-अठराची असती. सहावीपुढच्या मुलींच्या शाळा बंद झाल्या, डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठंही. ऑगस्ट २०२४ मध्ये तर बाईचा आवाज घराबाहेर ऐकू येता कामा नये, असा कायदाच निघाला. सुनंदा, हे आत्ता चाललं आहे गं, तू हे पत्र वाचत असताना!

बारावीच्या मुलींसोबत पुस्तक वाचायचा विचार आहे म्हणतेस, तर जरूर वाच. पण तालिबानांपासून सुरुवात करू नकोस. बसस्थानकापासून कर, साल सांगू नकोस, आणि हे राज्य कुणाचं असेल असं त्यांनाच विचार. काय म्हणाल्या ते मला ऐकायचं आहे. आणि लैलाचा बालमित्र, पुढे तिचा नवरा झालेला तारिक, त्याच्याबद्दल तू एक अक्षरही लिहिलं नाहीस. तो तुला खरा वाटला का? मला त्याचं उत्तर अजून देता येत नाही. पुढच्या पत्रात लिही.

तुझीच,
मंगल